राखेच्या सात रेघा

बोका आला नव्हता.

हे तीन शब्द मी पंचवीस वर्षांत कोणालाही सांगितलेले नाहीत. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. मी मुळातच कमी बोलतो. लोक त्याला सज्जनपणा समजतात आणि मी समजू देतो. पण हे न बोलणं सज्जनपणाचं नव्हतं. ज्या बाईशी मी खोटं बोललो त्या रुखमाबाईंविषयी लिहायला बसलोय, तर आधी हे सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. कारण त्यांची आठवण आली की मला पहिल्यांदा हसूच येतं. बाकीचं मागून येतं.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांचा, नवा शिक्षक. गाव सेनगाव तालुक्यातलं, गोरेगावच्या पुढचं. जीप भरली की सुटायची, आणि भरायला दीड तास लागायचा. राहायला खोली मिळाली ती रुखमाबाईंच्या घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी राधा, ती कुरुंद्याला दिलेली. घरी वीसेक शेळ्या-मेंढ्या, चार एकर रान, आणि पिंजऱ्यात एक पोपट. बाई उंच, काटक, कपाळावर ठळक गोंदण. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या मला गुर्जी म्हणायच्या, आणि माझ्या स्वयंपाकाला "मास्तरकी" म्हणायच्या. "आज काय मास्तरकी केली?" म्हणत पातेल्याचं झाकण उचलायच्या आणि काही न बोलता भाकरी आणून द्यायच्या.

पोपटाची कथा त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी होती. गोरेगावच्या बाजारात एक भविष्यवाला बसायचा. पिंजऱ्यातून पोपट बाहेर यायचा, चोचीनं एक पत्ता ओढायचा, भविष्यवाला तो वाचायचा. हा पोपट मात्र पत्ते मांडले की मागच्या कोपऱ्यात जाऊन चिकटायचा. भविष्यवाला काडीनं पिंजरा बडवायला लागला तेव्हा मेंढा विकायला गेलेल्या रुखमाबाई तिथं उभ्या होत्या.

"काहून मारतो रे त्याला?"

"पत्त्याला भेऊन राहिला, मावशी. माझा धंदा बसवला ह्यानं."

"पत्त्यात काय लिहेल हाय ते त्याला ठाव असंल. म्हून भेत असंल."

लोक हसले, भविष्यवाला वैतागला आणि पायलीभर ज्वारीवर त्यानं पिंजऱ्यासकट पोपट देऊन टाकला. असे पोपट घरी ठेवू नयेत असा कायदा आहे, हे तेव्हा गावात ना त्यांना ठाऊक होतं, ना मला. बाईंनी त्याचं नाव ठेवलं सुभेदार. मी विचारलं, इतक्या भित्र्या जिवाला एवढं मोठं नाव कशाला? म्हणाल्या, "भेकड हाय म्हून काय झालं? नावानं तरी धीट राहू द्या. मागून अंग येतंय नावावर."

सुभेदार कशाकशाला भ्यायचा याची यादी करण्यापेक्षा कशाला भ्यायचा नाही ते सांगणं सोपं. रुखमाबाई, हिरवी मिरची आणि त्याची जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी, बस. माझ्या छत्रीला भ्यायचा. नव्या झाडूला भ्यायचा. एकदा बाईंच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, त्यांनी चिंधी बांधली, तर दोन दिवस तो त्यांच्या हातावर येईना. भ्याला की पिसं अंगाशी आवळून, मान ताणून इतका बारीक व्हायचा की निम्मा पोपट कुठं गेला असं वाटावं. बाई म्हणायच्या, "काडी झाला." आणि जिवाला स्वस्थ वाटलं की एक पाय पोटात घेऊन, पिसं फुलवून, चोच बारीक करकर वाजवत बसायचा. तेव्हा म्हणायच्या, "बोंड फुटलं." काडी आणि बोंड. त्यांच्या पोपटाच्या शास्त्रात एवढ्या दोनच अवस्था होत्या, आणि मला वाटतं पुरेशा होत्या.

उपाय मात्र त्यांचा स्वतःचा होता. ओट्यापासून आत पिंजऱ्यापर्यंत जमिनीवर त्यांनी राखेच्या सात रेघा ओढलेल्या होत्या, एकेका हाताच्या अंतरावर. सारवण झालं की रेघा पुन्हा ओढायच्या. घरात कुठलीही नवी वस्तू आली, की ती पहिल्या दिवशी ओट्यावर, पहिल्या रेघेवर बसायची. मग ती लाल बादली असो की चाळणी.

"पाव्हना पैल्या दिशी कुठं बसतो, गुर्जी?"

"ओट्यावर."

"चुलीपाशी जातो का?"

"नाही."

"मंग बादलीलाच काहून घाई?"

दुसऱ्या दिवशी सुभेदाराकडं पाहायचं. काडी झाला, तर बादली तिथंच. बोंड फुटलं, तर एक रेघ पुढं. काडी झाल्यावर पुढं सरकवणं हा त्यांच्या लेखी एकच मोठा गुन्हा होता. मधल्या वेळात बाई स्वतः त्या बादलीपाशी बसायच्या, तिच्यावर ताल धरायच्या, तिच्यात वाकून "अगं बया, काय हाय हितं!" म्हणायच्या. सुभेदार तिकडून मान तिरकी करून एका डोळ्यानं बघायचा. त्याची लाडकी मिरची त्या दिवसांत फक्त नव्या वस्तूपाशीच मिळायची. सातव्या रेघेवर बादली पोचली, की दुसऱ्या दिवशी सुभेदार तिच्या काठावर बसून तिची कडी कुरतडत असायचा. ही विद्या त्यांना मेंढरांनी दिली होती. "कातर आदी मेंढराला हुंगू द्यावी, मंग चालवावी. न्हाईतर लोकर बी जाती आन मेंढरू बी."

मी हिंगोलीहून जुनी मोटरसायकल घेऊन आलो, त्या दिवशी बाई दारात हात आडवा करून उभ्या.

"पाव्हनं कुठलं?"

"हिंगोलीचं, मावशी."

"लिंबाखाली बसवा."

लिंब घरापासून पंधरा-सोळा हातांवर. तिथून मी रोज सकाळी माझी मोटरसायकल एक हात पुढं ढकलायचो. सुरू करायची नाही, नुसती ढकलायची. शाळेत चालत जायचो. गावाला फुकटचा तमाशा झाला. पारावरून आवाज यायचे, "गुर्जी, ह्या चालीनं हिंगोलीला कवा पोचतान?" कोणी म्हणायचं, "गाडी घेतली का वासरू?" बाई आतून ओरडायच्या, "तुमच्या बायका आल्या तवा असंच एकेक हात पुढं घेतलं असतं, तर आज भांडल्या नसत्या!"  मग इंजिनाचा आवाजही असाच दुरून जवळ आणला, आधी मारुतीच्या देवळापाशी, मग चावडीपाशी, मग लिंबाखाली. अठराव्या दिवशी सुभेदार हँडलवर बसला आणि आरशातल्या पोपटाच्या इतका नादी लागला की तो आरसा पुसायची मला कधी गरज पडली नाही. उलट मीच म्हणायचो, साहेब, जरा सरका, मागची जीप दिसत नाही.

मग कुकरचा किस्सा. राधानं आईला कुकर आणला. तो ओट्यावर बसला, मग रेघांवरून आत आला, मग शिट्टीशिवाय शिजला, मग शिट्टीनं. सुभेदारानं कुकर पत्करला तो इतका, की महिन्याभरात शिट्टी तो स्वतः वाजवायला लागला, अगदी वाफेच्या फुसफुशीसकट. शेजारी कोंडाबाईंकडंही कुकर होता आणि मधली भिंत छातीएवढी. कोंडाबाई भिंतीपलीकडं शिट्ट्या मोजायच्या आणि तिसरीला कुकर उतरवायच्या. आठ दिवस त्यांच्या घरी वरण कच्चं. नवरा ताटावरून उठायला लागला तेव्हा त्या भिंतीवरून डोकावल्या.

"रुखमे! ह्या तिनातल्या माझ्या किती आन तुझ्या सुभेदाराच्या किती?"

"दोन त्याच्या, एक तुझी. आजून दोन होऊ दे!"

याच कोंडाबाईंचा एक पिवळा बोका होता. जाडजूड, आळशी, भिंतीवर झोपणारा. सुभेदाराकडं त्यानं कधी डोळा उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही. हे आत्ता सांगून ठेवतो.

लग्नानंतर आठ वर्षांनी राधाला दिवस गेले. डॉक्टरांनी तिला हलायची मनाई केली. लेक माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर आईनंच तिकडं जायचं ठरलं, बाळंतपणाच्या आधी महिनाभर. शेळ्या-मेंढ्या दीर सांभाळणार होता. प्रश्न सुभेदाराचा. बाई एक रात्र जरी परगावी राहिल्या तरी तो दाण्याला तोंड लावायचा नाही. माझ्या हातून कधी घ्यायचा, कधी नाही. त्याला न्यायचंच, तर वाट लांबची. जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, पुढं बसनं वसमत, मग कुरुंदा. गजांचा मोठा पिंजरा जीपमध्ये मावेना. म्हणून बाईंनी गोरेगावहून झाकणाची बांबूची करंडी आणली आणि दोन महिने आधीच ती पहिल्या रेघेवर ठेवली.

"ह्या पाव्हन्याला येळ लागंल," त्या म्हणाल्या. "बादली त्याला गिळत न्हाई. करंडी गिळती."

करंडी खरोखरच हळूहळू सरकली. कधी चार दिवसांनी एक रेघ, कधी मागं. बाई दिवस मोजत होत्या, पण घाई करत नव्हत्या. करंडी चौथ्या रेघेवर असताना त्यांना जमिनीच्या कागदासाठी सेनगावला जावं लागलं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जाताना मला बजावलं, "गुर्जी, आज करंडी हलवू नका. निस्ती मिरची ठेवा."

आता माझं सांगतो.

रविवार होता. मी मिरची ठेवली. सुभेदार पिंजऱ्याच्या दारातून उतरला, चालत चौथ्या रेघेपर्यंत आला आणि करंडीत डोकं घातलं. मला वाटलं, झालं की! हा तर मोटरसायकलवर बसणारा गडी, उगाच लाड चाललेत. बाई संध्याकाळी दमून येतील आणि मी म्हणेन, "मावशी, तुमचा सुभेदार करंडीतून गावाला चक्कर मारून आला." त्यांचा चेहरा कसा होईल तेही मी पाहून ठेवला. मागून हात लावून त्याला आत ढकललं आणि झाकण लावलं. करंडी मोटरसायकलला बांधली आणि मारुतीपर्यंत जाऊन आलो. सगळे मिळून पाच मिनिटं.

तो ओरडला नाही. त्यामुळं मला वाटलं, ठीक आहे. इंजिन बंद केल्यावर आतली धडपड ऐकू आली. झाकण उघडलं, तर शेपटीची दोन लांब पिसं मोडलेली, पंखाच्या कडेला रक्त, चोच उघडी, आणि अंग असं बारीक की हातात खरोखर काडीच आल्यासारखी वाटली. त्याला पिंजऱ्यात ठेवलं. करंडी पुसून पुन्हा चौथ्या रेघेवर ठेवली, बरोबर तिच्याच ठशावर. मोडकी पिसं पिंजऱ्याखाली टाकली. हे करताना माझे हात अजिबात थरथरले नाहीत, हे मला आजही आठवतं.

बाई आल्या. पिंजऱ्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं?"

भिंतीवर पिवळा बोका झोपला होता.

"बोका आला होता," मी म्हणालो.

त्यानंतर जे झालं त्यात हसण्यासारखंही होतं, पण मला तेव्हा हसू येत नव्हतं. रुखमाबाई आणि कोंडाबाई यांचं भांडण दोन दिवस चाललं. "तुझा बोका!" "माझा बोका उंदराला भितो गं, राघूला काय धरतो!" कोंडाबाई अक्षर न् अक्षर खरं बोलत होत्या. शेवटी दिरानं बोक्याला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडलं. आठ दिवसांनी बोका परत आला, अर्धा झालेला, आणि त्याच भिंतीवर झोपला. पण दोघी बायकांचं बोलणं दीड महिना बंद होतं. त्या काळात कोंडाबाईंच्या वरणाला मात्र खोड राहिली नाही. सुभेदाराची शिट्टी बंद झाली होती.

तो सगळ्यालाच भ्यायला लागला होता. बादली, कुकर, जर्मनची वाटी. आणि रुखमाबाईंचा हात. त्या जवळ गेल्या की काडी.  दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघालो, तर बाई ओट्यावर पहिल्या रेघेवर मांडी घालून बसलेल्या. समोर तांदूळ निवडायला घेतलेले.

"मावशी, इथं काहून?"

"म्या बी आता पाव्हनीच की," त्या म्हणाल्या.

स्वतःच्या घरात त्या दिवसभर ओट्यावर राहिल्या. चूल त्यांनी अंगणात मांडली. तीन दिवसांनी दुसऱ्या रेघेवर आल्या. तिथं बसून त्याच्याशी बोलायच्या, त्याच्याकडं न पाहता, भिंतीशी बोलावं तसं. दाणापाणी देण्यापुरतं पिंजऱ्याशी जायचं, तेही पाठमोरं. महिना सरत आला. कुरुंद्याहून निरोप यायला लागले. गाव समजावत होतं, "लेक मोठी का पाखरू मोठं?" त्या म्हणायच्या, "राधीजवळ सासू हाय, नंदा हायत, डाक्टर हाय. ह्याच्याजवळ कोन हाय? आन बोका आला तवा म्या घरी न्हवते. चूक माझी हाय."

चूक माझी हाय. मी दाराशी उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं असतं. चार शिव्या देऊन, पोपट माझ्या गळ्यात मारून त्या दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसल्या असत्या. तोंड उघडलंही होतं. मग म्हणालो, "पाणी भरून ठेवू का?"

त्या तिसऱ्या रेघेवर होत्या तेव्हा जीपवाल्यानं बातमी आणली. राधा वेळेआधी बाळंत झाली. मुलगा. दोघं सुखरूप. बाईंनी ओट्यावर येऊन सगळ्यांना साखर वाटली, कोंडाबाईंनाही वाटली, म्हणजे ते भांडणही मिटलं. मग आत जाऊन तिसऱ्या रेघेवर बसल्या आणि पदर तोंडावर घेतला. लेकराची पाचवी झाली, बारसं झालं. आठ वर्षांनी झालेल्या नातवाच्या बारशाला आजी नव्हती. नातू दोन महिन्यांचा झाला तेव्हा सुभेदार आपल्या पायानं करंडीत गेला आणि मिरची खात बसला. बाईंनी झाकण लावलं नाही. तीन दिवस लावलं नाही. चौथ्या दिवशी लावलं आणि जीपमध्ये बसल्या. करंडी मांडीवर. फटीतून पाहून मला ओरडून म्हणाल्या, "गुर्जी, बोंड!" जीप गेली. त्या तिकडंच राहिल्या. माझी वर्षाभरात बदली झाली.

सहा-सात वर्षांनी मी कुरुंद्याला गेलो. मुद्दाम, हेच सांगायला. नवं शतक लागलेलं, गावात टेलिफोन आलेले. अंगणात हळद वाळत होती. ओट्यावर पहिल्या रेघेवर एक नवंकोरं शाळेचं दप्तर बसलेलं होतं आणि नातू दाराआडून त्याच्याकडं एका डोळ्यानं बघत होता. मी काय ते ओळखलं. रुखमाबाई वाकल्या होत्या, पण आवाज तोच.

"राधे, गुर्जी आले बग! ह्यायनीच सुभेदाराला बोक्यापासून वाचवलं. न्हाईतर कवाच गेला असता."

गोष्ट एवढी वाढली होती. राधा माझ्या पाया पडायला वाकल्यावर मी मागं सरकलो.

सुभेदार मोकळा होता, खुंटीवर. त्याच्यासमोर टीव्ही चालू होता, खाली लेकराची सायकल, वर पंखा. तो कशालाच भीत नव्हता. मी उंबऱ्यावर पाय ठेवला. त्यानं मान वळवली, मला पाहिलं, आणि काडी झाला. मी इतकी वर्षं ती काडी विसरलो नव्हतो. तोही मला विसरला नव्हता.

"अगं बया," रुखमाबाई म्हणाल्या. "कोनालाच भेत न्हाई आता. आज काहून भेला?" मग हसल्या आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. "गुर्जी, लई दिसानं आले तुमी. पाव्हनंच की. हितं वट्ट्यावर बसा. पुढच्या खेपंला एक रेघ आत."

मी दप्तराशेजारी पहिल्या रेघेवर बसून चहा घेतला आणि न सांगता परत आलो. पुढची खेप झाली नाही.

मागच्या महिन्यात कुरुंद्याचा एक माणूस भेटला. रुखमाबाई आहेत, म्हणाला, डोळ्यांनी कमी दिसतं. पोपट आहे का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पण पोपट फार जगतात.

रुखमाबाईंना मी एक वाक्य देणं लागतो, तोंडानं, त्यांच्यासमोर बसून: बोका आला नव्हता. आणि सुभेदाराला उरलेल्या रेघांच्या सहा खेपा.